दया करायची असेल तर साक्ष फिरवून नको

प्रश्न

वकीलताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्या बचत गटाची सचिव आहे. 2024 च्या दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, गटाचा हप्ता भराले तालुक्याच्या बँकेत गेली होती. बँकेची लिंक नव्हती म्हणून पैसे तसेच परत आणले. फाट्यावर उतरली तेव्हा दिवस बुडायचा होता. पांदणीच्या वळणावर एक पोट्टा आडवा आला. मले ढकललं, "ओरडली तर पाय तोडीन" म्हणाला अन् थैली घेऊन पळाला. थैलीत 18,400 रुपये अन् माझा मोबाईल होता. बांगड्या फुटल्या, पण लागलं काही नाही.

आठ दिवसांनी तो सापडला. बाजूच्या गावचा, तेव्हा 19 वर्षांचा. ओळख परेडमध्ये मी त्याले ओळखलं. त्याच्याजवळून मोबाईल अन् 7,000 रुपये निघाले. बाकीचे पैसे मी दोन बकऱ्या विकून गटात भरले. सव्वा महिना जेलात राहून तो जमानतीवर सुटला. आता कळते का त्याच्या बापानं दोन वर्षांआधी फवारणीचं औषध घेतलं. सातबारा आज्याच्या नावानं, म्हणून सरकारी मदतही भेटली नाही. माय मणक्याच्या दुखण्यानं घरी पडून, दारात सावकार. पोट्टा बारावी सोडून बसला होता, पोलीस भरतीसाठी धावत होता. आधीचा एकही गुन्हा नाही.

मागच्या आठवड्यात त्याची माय माझ्या घरी आली. पदराच्या गाठीत 5,000 रुपये होते. पायावर पडली, "बाई, कोर्टात ओळखू नका वं माह्या पोराले." सरपंचही म्हणतात, ओळखलं नाही म्हणून टाका, पोराचं आयुष्य वाचते. माझे मालक म्हणतात, दहा वर्षं बसू दे, बाप मेलेले पोरं आपल्या गावात का कमी आहेत, सगळे का वाटमारी करतात? पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे. मले त्याची कीव येते अन् रागही येते. मी काय करू? चार्जशीटवर कलम 309 (4) लिहिलं आहे.

उत्तर

ताई,

विचारलंत त्याचं उत्तर आधी देते. तोच पोरगा असेल तर कोर्टात तो ओळखायचा. पांदणीवर जे झालं ते झालं तसंच सांगायचं. सावकार, मणका, बाप यांच्याकडे पाहून एक शब्द गिळायचा नाही, आणि मालकांच्या रागाकडे पाहून एक शब्द वाढवायचा नाही. लागलं नाही तर लागलं नाही म्हणायचं.

त्याच्यावर दया करावीशी वाटते त्यात चूक काहीच नाही. उलट पत्र वाचताना तुमच्याबद्दल फार आदर वाटला. पण त्या दयेची जागा साक्षीच्या पिंजऱ्यात नाही. कायद्यानं तिच्यासाठी वेगळी वेळ ठेवली आहे, ती गुन्हा शाबीत झाल्यावर येते. आपल्या खेड्यापाड्यांत ही दुसरी वेळ कोणाला ठाऊकच नसते. म्हणून सगळी कीव पहिल्याच ठिकाणी खर्ची पडते, साक्षीदार फितूर होतात आणि सरपंचांसारखी भली माणसंसुद्धा "ओळखलं नाही म्हणा" असं सांगत फिरतात.

एक गोष्ट सांगते, ती आजवर या सदरात लिहिली नव्हती. वीसेक वर्षांपूर्वी मी अशाच एका पोराची वकील होते. बैलबाजारातून जोडी विकून येणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्यानं लुटलं होतं. दोन्ही गावांतल्या लोकांनी बसून मिटवलं. मध्यस्थी चालली आहे हे मला माहीत होतं आणि मी डोळेझाक केली. साक्षीच्या दिवशी म्हातारबुवा पिंजऱ्यात उभे राहिले, टोपी हातात घेऊन चुरगाळत राहिले आणि फरशीकडे पाहत म्हणाले, "अंधार होता साहेब, मी नाही ओळखलं." पोरगा सुटला. मी खूश होते, तरुण होते.

दोन-तीन वर्षांनी ते मला बाजारात भेटले. बोलता बोलता कळलं की ते आता त्या रस्त्यानं येतच नाहीत, दुसऱ्या गावावरून वळसा घालून येतात. मी म्हटलं, अहो, तो पोरगा तर आता कामाला लागला, भ्यायचं कशाला? ते म्हणाले, "बाई, कोर्टात मीच सांगितलं ना का त्यानं लुटलं नाही. मंग आता मी कोणाले सांगू?" मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. त्या निकालात त्यांचे पैसे गेले होतेच, वर त्यांच्यासोबत जे घडलं ते घडलं म्हणण्याचा त्यांचा हक्कही आम्ही काढून घेतला. आणि त्या पोराला कोणासमोर कधी "हो, मी केलं" म्हणावं लागलं नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून इतकं लांबण लावलं.

तुमच्या बाबतीत तर ओळख परेड झालेली आहे, कागद तयार आहे. आता "ओळखत नाही" म्हणालात तर सरकारी वकीलच तुम्हाला फितूर ठरवून उलटतपासणी घेतील. शपथेवर खोटी साक्ष देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला 7 वर्षांपर्यंत कैद आहे. सरपंच तेव्हा तुमच्या बाजूला उभे नसतील.

आता मालकांचं "दहा वर्षं". पुस्तकात ते बरोबर आहे. नवीन भारतीय न्याय संहितेत, जी 1 जुलै 2024 पासून लागू झाली, जबरी चोरीला, म्हणजे तुमच्या चार्जशीटवरच्या कलम 309 (4) ला, 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड आहे. हमरस्त्यावर, सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंतच्या वेळात केली तर 14 वर्षांपर्यंत. म्हणून दिवस बुडाला होता की बुडायचा होता हे तुम्हाला कोर्टात विचारतील. आठवतं तेच सांगा. पण "पर्यंत" हा शब्द मालकांच्या लक्षात आणून द्या. या कलमाला कमीत कमी अमुक शिक्षा असं काही नाही. शिवाय असा खटला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि त्यांना 3 वर्षांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही. जास्त हवी असं त्यांना वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं, त्यांची मर्यादा 7 वर्षं.

पोराचा वकील बहुधा म्हणेल की ही जबरी चोरी नाहीच, नुसती हिसकाहिसकी आहे. हिसकावण्याचं कलम वेगळं, 304, त्याला 3 वर्षांपर्यंत. फरक धमकीत आहे. चोरी करताना आडवलं, इजा केली किंवा तत्काळ इजेची भीती घातली की चोरीची जबरी चोरी होते. म्हणून "पाय तोडीन" हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. आणि "लागलं नाही" हेही तितकंच महत्त्वाचं. जबरी चोरीत दुखापत केली तर 309 चं सहावं पोटकलम लागतं, त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि मग मी पुढे सांगते तो रस्ताच बंद होतो. रागाच्या भरात "कोपर फुटलं होतं" असं कोणी तुमच्या तोंडी घातलं तर ऐकू नका.

तो रस्ता म्हणजे परिविक्षा. 1958 चा कायदा आहे, अपराधी परिविक्षा अधिनियम. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात दोषी ठरलेल्या माणसाला कोर्ट लगेच शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, जास्तीत जास्त 3 वर्षांसाठी. सोबत परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावता येते, दारू पिणार नाही, अमुक ठिकाणीच राहील अशा अटी घालता येतात. अट मोडली तर कोर्ट बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. आरोपी 21 वर्षांखालचा असेल तर कायदा आणखी पुढे जातो: तुरुंगात पाठवू नये हाच नियम, पाठवायचं असेल तर परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून, विचार करून, कारणं लिहावी लागतात.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती त्याच्या मायला सांगितलीत तर बरं. 21 वर्षं कोणत्या दिवशी मोजायची? गुन्ह्याच्या दिवशी नाही. दोषी ठरवून शिक्षेचा विचार होतो त्या दिवशीचं वय धरतात, हे सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकातच ठरवलं आहे. तेव्हा 19 चा होता तो आता एकविशीच्या उंबऱ्यावर असणार. तुम्ही तारखेला गेला नाहीत, पंच आले नाहीत, वकिलानं मुदती मागितल्या, आणि मधे त्याचा वाढदिवस उलटून गेला, तर हे खास संरक्षण गेलं. साधी परिविक्षा तरीही मागता येते, पण ती पूर्णपणे कोर्टाच्या मर्जीवर. म्हणजे साक्ष टाळून त्याचं भलं करायला जाल आणि खटला लांबून त्याचंच नुकसान होईल.

गुन्हा शाबीत झाल्यावर कोर्ट शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकतं. हे ऐकणं म्हणजे "काही सांगायचंय का?" "दया करा साहेब" एवढ्यात उरकायची औपचारिकता नाही, असं 1976 मध्ये संतासिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. सत्र न्यायालयातल्या खटल्याबद्दल ते बोललं होतं, पण तालुक्याच्या कोर्टातही विचार तोच. आमच्या तालुक्यात मात्र ते पुष्कळदा दोन मिनिटांत उरकतं, कारण आरोपीच्या वकिलानं एक कागद आणलेला नसतो. बापाच्या मृत्यूचा दाखला, मदतीसाठी प्रकरण "अपात्र" ठरल्याचं पत्र, मायच्या मणक्याच्या एक्स-रेच्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या, बारावीचा शाळा सोडल्याचा दाखला, भरतीचं प्रवेशपत्र. हे सगळं त्या घरात एखाद्या पत्र्याच्या पेटीत पडलेलं असणार. परिविक्षा अधिकारी घरी येतो तेव्हा बाजेवर बसून हेच पाहतो, मग शेजाऱ्यांना विचारतो, पोलीस पाटलाला विचारतो, शाळेतल्या सरांना भेटतो. पोरगा रोज पहाटे रस्त्यानं धावत होता हे पाहणारे चार लोक असतील, तर ते त्याच्या मायच्या रडण्यापेक्षा कोर्टात जास्त वजनाचं ठरेल.

सावकार परवान्याशिवायचा असेल, आणि तसाच असण्याची शक्यता जास्त, तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. त्या बाईला कोणीतरी हे सांगायला हवं होतं, तिचा नवरा जिवंत असतानाच.

आता मालकांचा प्रश्न, कारण तुमच्या पत्रातला तो सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. बाप गेलेली पोरं आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यातली बहुतेक सालदारी करतात, पुण्याला कंपनीत जातात, बहिणीचं लग्न करतात, कर्ज फेडतात. त्यांनी कोणाची थैली ओढली नाही. या पोराला बाप गेला म्हणून सोडून दिलं तर त्या बाकीच्यांच्या घामाला काय अर्थ राहिला? मालकांना माझ्या वतीनं सांगा की त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच मी म्हणते, गुन्हा शाबीत झाला पाहिजे. बाप गेल्यानं थैली ओढायचा हक्क मिळत नाही. "तू हे केलंस" असं कोर्टानं लिहिलंच पाहिजे.

पण "केलं का" आणि "किती भोगावं" हे दोन प्रश्न कायद्यानंच वेगळे ठेवले आहेत. दुसऱ्या प्रश्नाला परिस्थिती लागते. त्यात सगळी परिस्थिती सारख्या वजनाची नसते. मी तुमच्या पत्रातल्या गोष्टी कशा तोलेन ते सांगते. वय आणि पहिलाच गुन्हा, हे सगळ्यात वजनदार. बापाचा मृत्यू दोन वर्षांआधीचा. त्यानं त्या संध्याकाळचं कृत्य थेट समजत नाही, पण घरात कर्ता माणूस नाही, सावकार दारात आहे, हे समजतं. मायचं दुखणं खरं असेल तर तिच्याकडे कोण पाहणार हा प्रश्न कोर्ट विचारतं. उलट बाजूला, त्यानं एकटी बाई हेरली, वस्तीपासून लांबचं वळण निवडलं, धमकी दिली. हे अचानक हात गेल्यासारखं नाही. आणि पैसे बारा-पंधरा बायांच्या मजुरीचे होते, ते त्याला तेव्हा माहीत नसेलही, पण तुम्ही कोर्टाला सांगा. उरलेले 11,400 त्यानं कशावर घालवले हेही मला कळलं असतं तर बरं झालं असतं. सावकाराला दिले असतील तर एक, नव्या मोबाईलवर उडवले असतील तर दुसरं. सरकारी वकिलांना विचारा.

आणि मालकांना एक गोष्ट माझ्याकडून विचारा, भांडण म्हणून नाही. विशीचा पोरगा तीन वर्षं अमरावतीच्या किंवा नागपूरच्या कारागृहात काढून त्याच फाट्यावर परत उतरेल, तेव्हा तो कसा असेल? मी अशी पोरं पाहिली आहेत. काही खाली मान घालून आली. काही जणांना आत दोस्त मिळाले, आणि पुढच्या वेळी त्यांच्या हातात काहीतरी होतं. मला या पोराबद्दल ठाम सांगता येत नाही. पण मी त्या खुर्चीत असते तर या परिस्थितीत, अहवाल चांगला आला तर, देखरेखीची अट घालून परिविक्षा दिली असती आणि तुमची भरपाई त्याच आदेशात लिहिली असती.

ती भरपाई. मायनं आणलेले 5,000 तुम्ही घेतलेत की परत केलेत ते पत्रात नाही. घेतले असतील तर उद्याच सरकारी वकिलांच्या कानावर घाला. घेतले नसतील तर घेऊ नका. घरात घेतलेल्या पैशाला गाव तोडपाणी म्हणतं, आणि उलटतपासणीत तेच तुमच्या तोंडावर येईल. तिला सांगा, पैसे कोर्टात जमा कर, पावती घे. तेच 5,000 तिथे पोराच्या बाजूनं बोलतील, कारण नुकसान भरून देण्याची तयारी शिक्षा ठरवताना मोजतात. परिविक्षेच्या आदेशातही कोर्ट पीडिताला भरपाई द्यायला लावू शकतं, आणि दंड झाला तर त्यातूनही. मागा, संकोच करू नका. दोन बकऱ्या गेल्या आहेत तुमच्या, आणि गटाच्या एकाही बाईला तुम्ही एक रुपयाचा खड्डा पडू दिला नाहीत. जप्त झालेले 7,000 आणि मोबाईल अजून पोलिसांच्या मालखान्यात असतील तर सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, सोडवण्याचा अर्ज करा, निकालापर्यंत थांबायची गरज नसते.

शिक्षेच्या वेळी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं असा थेट नियम आपल्याकडे नाही. पण 2018 मध्ये मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की गुन्ह्याचा पीडितावर झालेला परिणाम शिक्षा ठरवताना लक्षात घेतला गेला पाहिजे. तेव्हा एक अर्ज लिहा, दोन पानांच्या आत, आणि सरकारी वकिलांमार्फत द्या. त्यात कीव आणि राग दोन्ही लिहिता येतात. "त्याला जेलात टाकू नका" असं लिहायची सक्ती नाही, "टाका" असंही नाही. स्वतःचा वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. बाईमाणसाला उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो. निकाल आल्यावर शिक्षा कमी वाटली, तर त्यासाठी तुम्हाला स्वतःला अपील करता येत नाही, ते सरकारनं करायचं असतं. तो निर्दोष सुटला किंवा भरपाई कमी दिली तर मात्र अपील तुमचं. म्हणून जे सांगायचं ते आधीच सांगून घ्या.

त्याच्या मायला काय म्हणायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रसंग पुन्हा येणार. एवढंच सांगा: "माय, खोटं मी बोलणार नाही. पण त्याच्या वकिलाले सांग, शिक्षेच्या दिवशी घरचे सगळे कागद घेऊन ये म्हणा." आणि पोरगा स्वतःहून गुन्हा कबूल करायच्या विचारात असेल तर ते त्यानं आपल्या वकिलाशी बोलावं, तसं झालं तर तुम्हाला पिंजऱ्यात उभंही राहावं लागणार नाही, आणि कोर्ट त्या कबुलीकडे चांगल्या नजरेनं पाहतं.

साक्षीच्या दिवशी समन्सचा कागद आणि आधारकार्ड सोबत ठेवा, अकराच्या आत पोचा, साक्षीदाराचा भत्ता मागून घ्या. एक बाई सोबत न्या, गटातलीच. पत्राच्या पाठीमागे पेन्सिलीनं तुम्ही एक ओळ लिहून खोडली आहे, ती मला वाचता आली: अजूनही दिवस कलला की फाट्यावरून एकटी येत नाही, कोणी ओळखीचं दिसेपर्यंत पानठेल्यापाशी उभी राहते. ती ओळ खोडू नका. अर्जात तीच पहिली लिहा.